मानवाकृतीतून एकाकीपणा: चित्रातली बाई दमलेली दिसते, एकटी दिसत नाही

कोरा कॅनव्हास

नमस्कार मंडळी,

एका तैलचित्राबद्दल सल्ला हवा आहे. कॅनव्हास उभा, ६० × ७५ सेंमी. पलंगाच्या कडेवर बसलेली बाई, कोपरं गुडघ्यांवर, चेहरा दोन्ही तळहातांत. आकृती बरोबर मधोमध, उंची साधारण ५२ सेंमी. डावीकडे खिडकी, बाहेर पाऊस. खोली सगळी निळी: अल्ट्रामरीन, पांढरा आणि आयव्हरी ब्लॅक. विषय नैराश्य आणि एकटेपणा. पण बघणारा प्रत्येक जण म्हणतो, बाई दमली आहे किंवा तिचं डोकं दुखतंय. प्रमाणं तपासली आहेत, शरीररचनेत चूक नाही. शिवाय गडद भागातला रंग वाळल्यावर जागोजागी चट्टे पडल्यासारखा निस्तेज झालाय.

दोष नेमका कुठे शोधायचा? आकृती पुसून नव्याने करायची तयारी आहे.

पाठमोरी

आधी शब्द ठरवा. एकांत, एकाकीपणा, दुःख आणि नैराश्य या चारांची शरीरं वेगवेगळी असतात, आणि तुमच्या चित्रात तीन एकत्र आलीत.

एकांतातल्या माणसाच्या पाठीला टेकण असतं, हात कशात तरी गुंतलेले असतात. एकाकी माणूस कुठल्या तरी दिशेला वळलेला असतो, दाराकडे, रिकाम्या खुर्चीकडे. त्याला कुणीतरी हवंय. दुःखात शरीर आवळलेलं असतं. व्हॅन गॉगचा १८९० मधला, मुठींत चेहरा खुपसून बसलेला म्हातारा आठवा (मूळ कल्पना त्याच्याच १८८२ च्या शिळाछापाची): मुठी घट्ट, कोपरं मांड्यांत रुतलेली. ते दुःख आहे, आणि त्यासाठी ती पोझ अचूक आहे. नैराश्यात तो आवळही उरत नाही. चेहरा तळहातांत धरायला दंडाचे, मनगटाचे, मानेचे स्नायू कामाला लावावे लागतात. म्हणजे तुमची बाई काहीतरी करते आहे, स्वतःला सावरते आहे. बघणाऱ्याला ते कळतं, म्हणून तो डोकेदुखी म्हणतो.

हात सोडून द्या. उजवा हात मांडीवर, तळवा अर्धवट वर. सैल हाताची बोटं सरळ राहत नाहीत, आपोआप वळतात. तर्जनी सगळ्यांत कमी, करंगळी सगळ्यांत जास्त. हाताच्या मागच्या बाजूची हाडं कापडावर टेकतात आणि कापड तिथे थोडं दबतं. ही दबलेली जागा नीट रंगवा, कारण हाताचं वजन तिथेच दिसतं. मनगटाखाली मधोमध गडद आणि कडेला झटकन विरणारी अरुंद सावली पडते. ती सगळीकडे सारखी मऊ केलीत तर हात हवेत तरंगतो.

पाठ: बसलेली पोझ टिकवायची तर कणा इंग्रजी सी अक्षरासारखा, पण सगळ्यांत मोठा बाक कमरेत. नवशिके तो खांद्यांत घालतात आणि माणूस थंडीने कुडकुडल्यासारखा दिसतो. खांदे वर चढू देऊ नका, ते पुढे आणि खाली पडायला हवेत. कानापासून खांद्यापर्यंतचं अंतर ताठ बसल्यावर असतं त्यापेक्षा वाढलं पाहिजे.

तिरकी रेघ

पाठमोरी यांच्याशी सहमत. पण पोझ कितीही बरोबर केली तरी ५२ सेंमीची आकृती मधोमध असेल तर बाई एकटी दिसणार नाही. ७५ पैकी ५२ म्हणजे जवळजवळ ७० टक्के उंची. खोलीला जागाच उरली नाही, मग ती कशापासून तुटलेली दिसणार?

कॅनव्हासचं प्रमाण ४:५ आहे, तेव्हा कागदावर ४ × ५ सेंमीच्या बारा चौकटी आखा आणि फक्त तीन टोनमध्ये (टोन म्हणजे रंग किती उजळ, किती गडद) लहान रचना करा. पांढरा कागद, मधला करडा, काळा. प्रत्येकीत आकृतीची उंची बदला. बसलेली आकृती ७५ पैकी २५ ते ३० सेंमी झाली की खोली बोलायला लागते. १५ च्या खाली गेलात तर हात, मान, पाठ यांतलं सगळं काम वाया जाईल, आणि चित्र निसर्गदृश्यासारखं वाचलं जाईल.

मग डोळ्यांची पातळी. तुम्ही उभं राहून बसलेल्या बाईकडे बघितलंत तर जमीन वर उचलली जाते आणि तिचं डोकं भिंतीऐवजी चादरीवर किंवा फरशीवर येतं. आकृती दाबली जाते. तिच्याच पातळीवर बसून बघितलंत तर आपण तिच्या सोबतीला बसलो असं वाटतं. दोन्ही चालतं, पण एक निवडा. पलंग वरून आणि खिडकी समोरून असा घोळ बऱ्याचदा दोन वेगळ्या फोटोंवरून काम केल्याने होतो.

एकाकीपणाला दुसरं माणूस लागतं, निदान त्याची जागा लागते. नॉर्वेच्या मुंकच्या ‘मेलन्कली’ या चित्रात माणूस पुढे खालच्या कोपऱ्यात ढकललेला आहे, आणि लांब धक्क्यावर चिमुकली माणसं आहेत. ती झाकून बघा, चित्र निम्मं होतं. अमेरिकन चित्रकार हॉपरच्या १९२७ च्या ‘ऑटोमॅट’मध्ये बाईसमोरची खुर्ची रिकामी आहे आणि मागच्या काचेत रस्ता दिसतच नाही, दिव्यांच्या दोन रांगांचं प्रतिबिंब काळोखात जातं. तिने एकाच हाताचा हातमोजा काढला आहे. थांबायचं की निघायचं हे तिचंही ठरलेलं नाही. अमृता शेरगिलच्या १९३५ च्या चित्रातल्या तीन मुली तर एकमेकींना खेटून आहेत, पण एकीचीही नजर दुसरीकडे नाही. मागे खोलीचं सामानही नाही.

काढून टाकण्याचं सगळ्यांत धीट उदाहरण जर्मन चित्रकार फ्रीडरिशचं. १८०८ ते १८१० मध्ये केलेल्या समुद्रकाठच्या साधूच्या चित्रात आधी गलबतं होती, इन्फ्रारेड तपासणीत ती दिसतात. त्याने ती रंगवून झाकली. उरला एक उभा माणूस आणि तीन आडवे पट्टे.

कोरा कॅनव्हास

पातळीचा घोळ आहेच. पलंग उभ्याने काढलेल्या फोटोवरून, बाई बसून काढलेल्या रेखाटनावरून. हात सोडले तर चेहरा उघडा पडेल. त्यावर काय दाखवायचं?

भुवई

शक्य तितकं कमी. पण काय कमी करायचं ते माहीत हवं.

डार्विनने १८७२ च्या पुस्तकात दुःखाचे स्नायू वर्णन केलेत: भुवयांची आतली टोकं वर चढतात आणि कपाळावर फक्त मधल्या भागात आठ्या पडतात. जुन्या वैद्यकीय वर्णनांत भुवयांमधल्या घडीला ग्रीक ओमेगा अक्षराची उपमा दिली आहे. स्विस डॉक्टर ओटो व्हेरागुथ याच्या नावाने ओळखली जाणारी खूण म्हणजे वरच्या पापणीची घडी आतल्या बाजूला तिरकी वर ओढलेली दिसणं. या तिन्ही खुणा एकत्र काढल्यात तर चेहरा नाटकी होईल. एकच घ्या, आणि मी सांगेन पापणीची घडी घ्या. २५ सेंमीच्या आकृतीत डोकं जेमतेम ५ ते ६ सेंमीचं असेल. तिथे ही घडी म्हणजे एका बारीक कुंचल्याचा एकच फटका.

ओठांचे कोपरे खाली वळवू नका, तो रुसवा होतो. ओठ मिटलेले, पण दाबलेले नाहीत.

नजर सगळ्यांत महत्त्वाची. जवळची वस्तू बघताना दोन्ही बुबुळं आत वळतात, लांब बघताना समांतर होतात. समोर हातभर अंतरावर कप ठेवा, मान त्याच्याकडे वळवा आणि बुबुळं मात्र समांतर रंगवा. ती कपाकडे बघते आहे पण कप तिला दिसत नाही, हे आपोआप कळतं. डोळ्यातला पांढरा ठिपका काढून टाका किंवा आजूबाजूच्या टोनपेक्षा एकाच पायरीने उजळ ठेवा.

पाठमोरी

चेहरा दाखवायलाच हवा असं नाही, हेही सांगून ठेवते. डॅनिश चित्रकार हामरशॉयने कोपनहेगनमधल्या स्ट्रांडगेड ३० इथल्या घरात १८९८ ते १९०९ या काळात कितीतरी चित्रं केली, त्यांत बायको इडा वारंवार पाठमोरी आहे. काळा पोशाख, वर बांधलेले केस आणि मधे मानेचा उघडा भाग. तेवढीच काय ती त्वचा. डोळा तिथे जातो आणि अडतो, कारण ती वळत नाही.

गेरू

रंगाबद्दल. निळा सोडा. पिकासोने १९०१ ते १९०४ मध्ये तो इतका वापरला की आता निळी खोली म्हणजे उदासीची पाटी झाली आहे. पाटी वाचली की माणूस पुढे बघत नाही.

करडा मिसळून तयार करा. बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) ३ भाग, अल्ट्रामरीन २ भाग: जवळजवळ काळा. नळ्यांचा जोर कंपनीगणिक बदलतो, म्हणून थोडं पांढऱ्यात मिसळून तपासा, तपकिरी झुकला तर निळा कणभर वाढवा. आता याच्या दोन ओळी लावा. एकीत अंबर जास्त (उष्ण करडा), दुसरीत अल्ट्रामरीन जास्त (शीत करडा). प्रत्येकीत पांढरा वाढवत पाच पायऱ्या. दहा ढीग झाले, त्यांतच खोली पूर्ण करा. उष्ण करड्याशेजारी तटस्थ करडा ठेवला की तो निळसर दिसतो, वेगळा निळा न लावताही निळेपणा मिळतो. त्वचेला यलो ऑकर, लाइट रेड, पांढरा, आणि त्यात वाटाण्याएवढा शीत करडा. नुसता काळा घालून त्वचा मंद केलीत तर ती हिरवट होते, कारण ऑकर आणि काळा मिळून हिरवा देतात.

टोन १ काळा आणि १० पांढरा धरला तर सगळं चित्र ३ ते ७ मध्ये बसवा. दुसरी गोष्ट, सगळ्यांत उजळ जागा चेहरा नको. भिंत ७, चेहरा ६. नेहमीच्या व्यक्तिचित्रात आपण बरोबर उलट करतो. प्रकाश तिच्यावर पडायचाच, पण तिच्यासाठी नाही, मागच्या भिंतीसाठी.

मिसळलेले करडे चिखल होतात ही तक्रार नेहमीची. चिखल रंगाने होत नाही, शेजारच्या दोन भागांचा टोनही सारखा आणि उष्णताही सारखी असली की होतो. दोन्हींपैकी एक तरी वेगळं ठेवा. आणि एक फटका मारला की तिथून निघा, तिथेच कुंचला घासत बसलं की खालचा थर वर येतो.

सांजसावली

मग उजेडाचं चित्र एकाकी होऊ शकत नाही का? ३ ते ७ हा नियम करू नका.

गेरू

मान्य, नियम नाही. हॉपरचं १९५२ चं ‘मॉर्निंग सन’ भर उन्हातलं आहे. बायको जोला पलंगावर बसवून केलेल्या त्याच्या रेखाटनांवर कुठे उष्ण, कुठे थंड अशा रंगांच्या नोंदी गिचमिड भरल्यात. उन्हाचा चौकोन भिंतीवर पडलाय, तिच्यावरही पडलाय, आणि तिला त्याची ऊब लागत नाही. ते करायचं तर टोन २ ते ९ उघडा, पण मग सावल्या स्वच्छ हव्यात आणि कडा धारदार. या धाग्यातल्या चित्राला मंद टोन सुचवला तो खोली बंदिस्त आहे म्हणून.

एक मात्र नक्की: खिडकीबाहेरचा पाऊस काढून टाका. बाहेर लख्ख दुपार असू दे.

सांजसावली

कडांचा विषय निघालाच आहे तर तोच या चित्राचा कणा आहे असं माझं ठाम मत आहे. नैराश्यात आकृती विरते, एकाकीपणात आकृती कापली जाते. दोन वेगळी कामं आहेत.

विरवायची असेल तर खांद्याचा आणि मागच्या भिंतीचा टोन एक करा. रंग वेगळा असला तरी चालेल, टोन एक हवा. कड आपोआप हरवते. रंग ओला असताना कुंचल्याने पुसून कड मऊ करणं म्हणजे कड हरवणं नव्हे. सगळीकडे पुसलंत तर फोकस चुकलेला फोटो दिसतो. एका आकृतीत कड दोन-तीन ठिकाणीच हरवावी: खांद्याचा वरचा भाग, केस आणि अंधार, मांडी आणि चादर. बाकी शाबूत.

कापायची असेल तर उलटं. आकृतीभोवती टोनमध्ये किमान तीन पायऱ्यांचा फरक, कड सलग, आणि मागची रेघ, दाराची चौकट किंवा पलंगाचा कठडा, आकृतीला भिडून थांबू नये, मागून सरळ निघून जावी. फ्रेंच चित्रकार देगाच्या १८७५–७६ च्या कॅफेतल्या चित्रात पुढच्या टेबलांना पाय काढलेलेच नाहीत. संगमरवरी पाट्या तिरक्या सरकत जातात आणि दोन माणसं त्यांच्यामागे अडकून बसतात. शेजारी शेजारी, पण बोलणं नाही.

जवसतेल

आता निस्तेज चट्ट्यांकडे. याला रंग बसणं म्हणतात: वरच्या थरातलं तेल खाली शोषलं गेलं. कारणं तीनच, फार टर्पेंटाइन, फार शोषक जेसो (कॅनव्हासवरचं पांढरं अस्तर), किंवा खालचा थर पुरता न वाळणं. रंग हाताला कोरडा लागेल तेव्हाच उपाय करा. जवसाचं तेल १ भाग, टर्पेंटाइन १ भाग, धागे न सुटणाऱ्या कापडाने चट्ट्यावर अगदी पातळ चोळा, पाच-दहा मिनिटांनी उरलेलं पुसून घ्या. चकाकी राहिली म्हणजे तेल जास्त झालं, पुन्हा पुसा, नाहीतर ते पिवळं पडतं. त्याच बैठकीत त्यावर रंगवा. अंबर लवकर वाळतो, आयव्हरी ब्लॅक सावकाश. काळ्याचा जाड थर खाली आणि अंबरचा वर असं कधी करू नका, वरचा आधी आकसतो आणि तडकतो. झिंक व्हाइटही (जस्ताचा पांढरा) खालच्या थरात नको, ठिसूळ असतो.

आकृती पुसण्याबद्दल: वरून नुसतं रंगवून झाकलंत तर काही वर्षांनी जुने हात वर दिसतील, कारण तैलरंग जुना होताना पारदर्शक होत जातो. पिकासोच्या १९०३–०४ च्या म्हाताऱ्या गिटारवादकाच्या मानेच्या वर खाली दबलेल्या बाईचा चेहरा नुसत्या डोळ्यांनी पुसट दिसतो. तुमचे ५२ सेंमीचे कोपर आणि तळहात जाड असतील. पॅलेट नाइफने उंचवटे खरवडा, मग ४०० नंबरच्या पॉलिशपेपरने पाणी लावून घासा. कोरडं घासू नका, रंगाची धूळ श्वासात जाते, आणि लेड व्हाइट (शिशाचा विषारी पांढरा) वापरला असेल तर अजिबात घासू नका, नवा कॅनव्हास घ्या. वाळल्यावर मधल्या करड्याचा एक पातळ अपारदर्शक थर, आणि तो पूर्ण वाळेपर्यंत थांबा.

तेलाचे बोळे गोळा करून ठेवू नका. वाळताना ते स्वतःच तापतात आणि पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाका.

तिरकी रेघ

नवीन पोझ घेताना: मॉडेल बसल्यावर पहिली पाच-सात मिनिटं काहीही मोजू नका. सैल बसलेलं शरीर तेवढ्या वेळात २–३ सेंमी खाली उतरतं. आधी मोजलंत तर डोकं सतत उंच येत राहील. २० मिनिटं बैठक, ५ मिनिटं विश्रांती, पावलांच्या आणि हाताच्या जागा खडूने किंवा चिकटपट्टीने आखून ठेवा. कमरेत वाकून बसल्यावर पाय लवकर बधिर होतात, एका मांडीखाली घडी केलेलं कापड द्या.

मॉडेलला उदास व्हायला सांगू नका. त्याने भुवया वाकड्या होतात. तीन मीटर लांब एका खुणेकडे बघत श्वास मोजायला सांगा. फोटो घ्यायचाच तर फोन किमान तीन मीटर लांबून आणि २ पट झूमवर. जवळून घेतला की गुडघे आणि पंजे डोक्यापेक्षा मोठे होतात आणि पुढे झुकलेली पाठ लहान होते, म्हणजे ज्याचं चित्र काढायचंय तेच नाहीसं होतं.

भुवई

वस्तूंबद्दल कुणी बोललं नाही. पिंजरा, मुखवटा, अश्रू, काळा ढग हे काही नको. वस्तू जास्तीत जास्त तीन, आणि प्रत्येकीवर थांबून राहिलेला वेळ दिसला पाहिजे: साय धरलेला चहाचा कप, एकच चप्पल पालथी, एका बाजूलाच खोलगट पडलेली उशी. पलंग दोघांचा आणि उशीवरचा खळगा एक, एवढ्यावर हॉपरच्या रिकाम्या खुर्चीचं काम होतं.

पाठमोरी

एक वेगळी पण गरजेची गोष्ट, कारण हा धागा अशीही माणसं वाचतील जी स्वतः यातून जात आहेत. चित्र काढणं हा उपचार नव्हे. औषधं चालू असतील तर चित्रासाठी ‘ती भावना टिकावी’ म्हणून थांबवू नका, डॉक्टरांशी बोला. अशा विषयावरची बैठक दीड-दोन तासांत संपवा, आणि शेवटची पंधरा मिनिटं कुंचले धुणं, रंग झाकणं अशा हातांच्या कामाला ठेवा. मॉडेलला विषय आधी स्पष्ट सांगा, नको म्हणायची मोकळीक द्या. स्वतःला इजा करण्याचं साधन किंवा पद्धत चित्रात दाखवू नका. त्याने चित्र खोल होत नाही, आणि ज्याचा तोल आधीच गेलाय त्याला ते धोक्याचं ठरतं.

कोरा कॅनव्हास

सगळ्यांचे मनापासून आभार. लेड व्हाइट वापरलेला नाही, म्हणून हाच कॅनव्हास घासतो. ठरवलं ते असं: विषय नैराश्य, म्हणून कडा विरवायच्या. आकृती २८ सेंमी, उजवीकडे खाली, वरून बघितलेली. हात सुटे, चेहरा तीन-चतुर्थांश वळलेला. भिंत ७, चेहरा ६, बाहेर दुपार. उशी आणि कप, बस.

शेवटचा प्रश्न: विरलेल्या गडद भागावर चकचकीत वॉर्निश लागलं तर खिडकीचं प्रतिबिंब पडून सगळं वाया जाईल. मॅट लावू का?

जवसतेल

पूर्ण मॅट नको. मॅट वॉर्निशमधली पूड उजेड पसरवते आणि गडद भाग धुरकट होतो. ३ चा टोन ४ दिसायला लागतो, मग हरवलेली कड परत सापडते. ग्लॉस (चकचकीत) आणि मॅट १:१ मिसळून सॅटिन, म्हणजे मधल्या चकाकीचं, करा. दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच जातीचे हवेत. बाटली हलवा, बुडबुडे बसू द्या, रुंद मऊ कुंचल्याने कॅनव्हास आडवा ठेवून एकच पातळ थर. आधी वेगळ्या तुकड्यावर याच करड्यांचे पट्टे लावून, वाळवून तपासा. पातळ थरांच्या चित्राला सहा महिने, जाड थरांना वर्षभर थांबा. तोवर दाखवायचं असेल तर रीटचिंग वॉर्निश (तात्पुरतं, पातळ) पुरेल. आणि टांगताना वरची कड भिंतीपासून दोन सेंमी पुढे झुकवा, प्रतिबिंब जमिनीकडे जातं.